ऑस्टेनच्या दिवाणखान्यात पिशाच्च बसवायचं तर

एका तरुण लेखिकेने विचारलं आहे: ‘जेन ऑस्टेनची “प्राइड अँड प्रेज्युडिस” घेऊन तिच्यात चालती प्रेतं घालून मराठीत लिहायला घेतलं आहे. तीन प्रकरणं झाली. मैत्रिणी पहिली वीस पानं खूश होऊन वाचतात, मग कंटाळतात. नेमकं काय चुकतंय? प्रेतांऐवजी आपला वेताळ आणला तर? आणि हे कायद्यात बसतं का?’

सोबतची तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली. भयकथा लिहिण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि दोनशे वर्षांपूर्वीची ही इंग्रज कादंबरीकार, ऑस्टेन, मी दरवर्षी पुन्हा वाचते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी चूक सांगते. तुमच्या मजकुरात प्रेतं येतात, नायिका एलिझाबेथ तलवार काढते, तीन मुंडकी उडतात, आणि पुढच्याच ओळीला सगळे परत चहाला बसतात. त्यानंतरचं बोलणं ऑस्टेनमध्ये आहे तसंच चालू राहतं. मी तुमच्या दुसऱ्या प्रकरणातून प्रेतांचे सगळे परिच्छेद पेन्सिलीने खोडून पाहिले. गोष्टीला कुठे ओरखडासुद्धा पडला नाही. कुणाचं लग्न अडलं नाही, कुणाची मिळकत बुडाली नाही, कुणी कुणाशी अबोला धरला नाही. पिशाच्च पाहुण्यासारखं येऊन गेलं. वाचकाला पहिल्यांदा गंमत वाटते ती सभ्य टेबलाशेजारी कुजलेला हात दिसतो म्हणून. तो धक्का एकदाच बसतो, चौथ्या वेळी त्याची सवय झालेली असते.

या प्रकाराची लाट आली 2009 साली. फिलाडेल्फियाच्या क्वर्क बुक्सचे संपादक जेसन रेकुलाक यांनी एका बाजूला हक्कमुक्त अभिजात पुस्तकांची आणि दुसऱ्या बाजूला लोकप्रिय भुताखेतांची यादी करून जोड्या जुळवून पाहिल्या, आणि सेथ ग्रॅहम-स्मिथ यांनी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ लिहिलं. त्यातला साधारण 85 टक्के मजकूर ऑस्टेनचाच आहे. त्याच वर्षी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये समुद्री राक्षस आले, ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये ममी आल्या. झॉम्बीच्या पुस्तकाची एक जागा फार हुशारीने शोधलेली आहे. मूळ कादंबरीत मेरिटन गावाजवळ पलटणीचा तळ पडलेला असतो आणि कथानकात त्याचं काम एवढंच की धाकट्या बहिणींना लाल डगल्यातले अधिकारी दिसावेत. पलटण तिथे का, हे पुस्तक सांगत बसत नाही. ग्रॅहम-स्मिथ यांनी ती पलटण प्रेतांचा बंदोबस्त करायला आणून ठेवली. मुळात रिकामा राहिलेला कोनाडा शोधणं आणि नेमकं तिथेच आपलं पिशाच्च बसवणं, ही या कामातली पहिली कारागिरी.

त्याच पुस्तकातली दुसरी एक जागा मला पटत नाही, आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्यूकस 27 वर्षांची आहे, देखणी नाही, हाताशी पैसा नाही. ती एलिझाबेथच्या नात्यातल्या मूर्ख पाद्र्याला, कॉलिन्सला, हो म्हणते. नव्या पुस्तकात तिला प्रेताने चावलेलं असतं. थोडे दिवस उरलेत म्हणून ती लग्न करते आणि हळूहळू सडत जाते, तरी एलिझाबेथखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही. हे ‘कुणाच्या लक्षात न येणं’ जबरदस्त आहे. पण ऑस्टेनची शार्लट धडधाकट असते. डोकं शांत ठेवून, पुरता हिशेब करून ती त्या माणसाबरोबर आयुष्य काढायचं ठरवते, आणि त्याच शांतपणाने आपल्या अंगावर काटा येतो. चावा आला की तिला सबब मिळते. मूळ पुस्तकात भीतीची जी जागा होती ती बुजली आणि तिच्यावर जखमेची पट्टी बांधली गेली.

म्हणून माझं सांगणं असं: पिशाच्च निवडण्याआधी कादंबरी कशाला घाबरते ते शोधा. ऑस्टेनची प्रत्येक कादंबरी आधीच घाबरलेली आहे, ते फक्त चांगल्या कपड्यांत झाकलेलं असतं. एलिझाबेथच्या घराचं, म्हणजे बेनेट घराण्याचं, वार्षिक उत्पन्न 2000 पौंड. मुलगा नाही, त्यामुळे बाप मेला की लाँगबर्नचं घर कॉलिन्सच्या नावावर जाणार आणि पाच मुली रस्त्यावर येणार. मागणी घालतानाच कॉलिन्स एलिझाबेथला ऐकवतो की आई गेल्यावर तिच्या वाट्याला चार टक्क्यांच्या रोख्यांतले 1000 पौंड येतील, त्यापलीकडे काही नाही. एक माणूस मरण्याची वाट पाहत दुसरा माणूस त्याच घरात जेवायला बसलेला आहे. आता सांगा, मेलेली माणसं परत येण्याची गोष्ट या घराला का लागू पडते? बाप मेला आणि तरी उठून खुर्चीत येऊन बसला, तर घर कुणाचं? मृत्यूचा दाखला कोण देणार? अशा बापाला मिसेस बेनेट तळघरात लपवतील की नाही? तुमची कादंबरी मला या प्रश्नात दिसते. तलवारीशिवायही ती चालेल.

हे मी स्वतः चुकून शिकले. पहिल्यांदा मी ‘पर्स्वेजन’ घेतली होती. नायक वेंटवर्थ आरमारातला कॅप्टन, म्हणून मी समुद्रातून अष्टपाद राक्षस काढला आणि लाइम रेजिसचा तो प्रसिद्ध दगडी धक्का, कॉब, त्याच्याकडून फोडून घेतला. दीडशे पानं झाल्यावर कळलं की नायिका ॲन एलियटच्या आठ वर्षं जपलेल्या दुःखाशी त्या राक्षसाचं काहीही नातं नाही. ती पानं मी बाजूला ठेवली आणि पुस्तक परत पहिल्यापासून वाचलं. या खेपेला डिक मसग्रोव्ह सापडला. हा ॲनच्या बहिणीच्या सासरचा, मसग्रोव्हांचा, दिवटा मुलगा आरमारात धाडलेला असतो, सहा महिने वेंटवर्थच्या ‘लॅकोनिया’ जहाजावर काढतो आणि दोन वर्षांपूर्वी परमुलखात मरतो. जिवंतपणी कुणाला नको होता. मेल्यावर आई मोठमोठे उसासे टाकते आणि वेंटवर्थ सभ्यपणे तिच्याजवळ बसून ऐकून घेतो. ऑस्टेनने त्या आईकडे फार कठोरपणे पाहिलं आहे, पुष्कळ वाचकांना ती जागा टोचते. मी त्या टोचणीतच हात घातला. डिक परत आला तर?

‘मिसेस मसग्रोव्ह यांनी पाचवा पेला भरला. त्या खुर्चीखालचा गालिचा दोन दिवस ओला होता, आणि मोलकरणीने त्याबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं. “किती वाळलाय पोरगा,” त्या ॲनला म्हणाल्या. ॲनने साखर पुढे केली. पेल्याच्या तळाशी हळूहळू रेती बसत होती. कॅप्टन वेंटवर्थ उठले. ज्या पोराला आपल्या जहाजावरून घालवायला त्यांनी कधीकाळी खटपट केली होती, त्याच्यासाठी त्यांनी शेकोटीजवळची जागा मोकळी केली आणि अदबीने म्हणाले, “बसा. ही जागा आपली.”’

हा परिच्छेद कसा उभा राहिला ते सांगते. मूळ कादंबरीत एका संध्याकाळी ॲन पियानोपासून उठते, वेंटवर्थ तिथे बसून एक चाल वाजवून पाहत असतो, आणि ती परत येताच ताडकन उठून म्हणतो की माफ करा, ही जागा आपली. प्रेम केलेल्या बाईशी इतकं परक्यासारखं वागणं ॲनला रागावण्यापेक्षा जास्त लागतं. ते वाक्य मी उचललं आणि बुडालेल्या पोराला दिलं. आता वाचकाला दोन्ही गोष्टी एकदम ऐकू येतात: मेलेल्याशी दाखवलेला आदर, आणि जिवंत बाईला मेल्यासारखं वागवणं. राक्षस कमी झाला, एक खुर्ची आणि थोडी रेती उरली, आणि वाचणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

त्या काळाचे नियम पाठ हवेत. ते तुमच्या कथानकाची निम्मी कामं करून देतात. उदाहरण लांडगामाणसाचं घ्या. पौर्णिमेला लांडगा होणारा गृहस्थ इंग्लंडच्या खेड्यात लपून राहील असं आपल्याला वाटतं. पण तेव्हा रस्त्यांवर दिवे नव्हते. बग्गीतून रात्री पाच मैल जायचं तर चांदणं लागे, म्हणून मेजवान्या आणि नाच चांदण्या रात्री बघून ठरत. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त नायिकांचे यजमान सर जॉन आणखी पाहुणे गोळा करायला सकाळभर हिंडतात आणि हात हलवत परततात, कारण चांदणं आहे आणि सगळ्यांना कुठे ना कुठे आमंत्रण आहे. म्हणजे लांडगामाणूस नेमका ज्या रात्री सगळे जमतात त्याच रात्री गैरहजर. तीन महिन्यांत गावातल्या प्रत्येक आईच्या ते ध्यानात येईल, कारण तो अविवाहित आहे आणि त्याचं उत्पन्न सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या कार्यशाळेत एका विद्यार्थ्याने त्याच कादंबरीतल्या कर्नल ब्रँडनला लांडगा केलं होतं: अबोल, खिन्न, पस्तिशी ओलांडलेला. कल्पना सुरेख. पण सर जॉनच्या त्या चांदण्या संध्याकाळी जेवायला जे मोजके लोक हजर आहेत त्यांत ब्रँडन आहे! मग आम्ही वर्गात बसून पुस्तकातली प्रत्येक रात्र तपासली. देखणा तरुण विलोबी मागच्या नाताळात रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत नाचला आणि आठ वाजता शिकारीला तयार होता, असं सर जॉन कौतुकाने सांगतात. विद्यार्थ्याने लांडगा तिकडे हलवला. धाकटी नायिका मरीॲन पाय मुरगळून डोंगरउतारावर पडते तेव्हा विलोबी बंदूक आणि दोन कुत्रे घेऊन येतो. ती कुत्री त्याच्याकडे कशी बघत असतील, एवढ्या एका वाक्यावर त्याने आख्खं प्रकरण उभं केलं.

रक्तपिपासूंच्या बाबतीतही असंच. सूर्यप्रकाशाने त्याची राख होणं 1922 च्या मूकपटातून आलं, त्याआधी नाही. ऑस्टेनच्या, म्हणजे रीजन्सी काळातला पिशाच्च दिवसाढवळ्या फिरतो आणि तो उमराव असतो. पॉलिडोरी या लेखकाच्या कथेतला रक्तपिपासू लॉर्ड रूथव्हेन 1819 सालचा, आणि त्याचं मूळ 1816 च्या त्या गारठलेल्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी रंगलेल्या भूतकथांच्या पैजेत आहे. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे तो उन्हाळा आलाच नव्हता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑस्टेन ‘पर्स्वेजन’ पुरी करत होती. बोलावल्याखेरीज घरात पाऊल टाकता न येण्याचा नियम तुम्हाला वापरायचा असेल, तर भेटीगाठींचे शिष्टाचार तयारच आहेत. गावात आलेल्या बिंगलीकडे आधी मिस्टर बेनेटने जायला हवं, नाहीतर मुलींची ओळखच होणार नाही, म्हणून मिसेस बेनेट नवऱ्याच्या मागे लागतात. दार उघडण्याचा अधिकार कुणाकडे, यावरून कादंबरीचं पहिलंच भांडण आहे.

झॉम्बी मात्र माझ्या मते चुकीच्या कादंबरीत गेला. मेंदू खाणारं प्रेत विसाव्या शतकातल्या सिनेमाचं. मूळ झॉम्बी हैतीचा. उसाच्या मळ्यात राबून मेलेल्या गुलामाला सर्वांत मोठी भीती ही, की मेल्यावरही सुटका होणार नाही, कुणीतरी उठवून परत कामाला जुंपेल. ही भीती ज्या पैशाला चिकटलेली आहे तो पैसा ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये आहे. सर टॉमस बर्ट्रम यांची मिळकत अँटिग्वा बेटावर. ते तिकडे दीर्घकाळ जाऊन येतात, आणि परतल्यावर त्यांच्या घरात वाढलेली गरीब भाची फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराबद्दल काहीतरी विचारते. काय विचारलं ते आपल्याला दाखवलेलं नाही. ती नंतर त्यांच्या मुलाला, एडमंडला, एवढंच सांगते की तेव्हा खोलीत अगदी मेल्यासारखी शांतता पसरली. ब्रिटनने तो व्यापार 1807 साली कायद्याने बंद केला होता, गुलामी मात्र वसाहतींत 1833 च्या कायद्यापर्यंत चालू राहिली. कादंबरी 1814 ची. त्या शांततेइतका मोठा कोनाडा ऑस्टेनच्या सहा पुस्तकांत दुसरा नाही.

मी ते लिहीन तेव्हा माझी प्रेतं कुणाला चावणार नाहीत. ती नॉर्दॅम्प्टनशरला, मॅन्सफिल्ड पार्कच्या वाड्यावर, पोचतील आणि कामाला लागतील. सकाळी उठून पाहावं तर हिरवळीचं गवत कापलेलं, लाकडं फोडून रचलेली, साखरेचं भांडं काठोकाठ भरलेलं. फॅनीच्या कंजूष मावशीला, मिसेस नॉरिसना, आनंद होईल, कारण मजुरी द्यावी लागत नाही. सर टॉमस यांच्या आळशी पत्नी लेडी बर्ट्रम सोफ्यावरून उठणार नाहीत. खिडकीतून बाहेर बघेल ती एकटी फॅनी, कारण फुकट राबवलं जाणं म्हणजे काय ते त्या घरात तिलाच थोडंफार माहीत आहे. इथे एक पथ्य पाळाच: त्या मेलेल्या माणसांना हिंस्र जनावर करू नका. त्यांच्यावर अन्याय झालेला आहे, आणि पुस्तकातलं भय घरातल्या माणसांच्या वागण्यातून यायला हवं.

‘नॉर्दँगर ॲबी’ला हात लावू नका. तिची नायिका कॅथरीन भयकादंबऱ्या वाचून वाचून जुन्या कपाटात हस्तलिखित शोधते आणि तिला सापडतात धोब्याच्या याद्या. खरं भूत आणलंत तर तिचा भ्रम खरा ठरतो आणि पुस्तकाचा कणाच मोडतो. शिवाय तिथला राक्षस ऑस्टेनने स्वतःच ठेवला आहे. मुलगी श्रीमंत नाही हे कळताच तिचा यजमान जनरल टिल्नी तिला भल्या पहाटे, सोबत ना गडी ना मोलकरीण, सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो.

आता वेताळ. मला वेताळ प्रिय आहे, म्हणूनच सांगते, त्याला बेनेटांच्या हर्टफर्डशरला नेऊ नका. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे, त्याची देवळं आहेत, त्याला नवस बोलतात. मुंजा पिंपळावर राहतो कारण त्याची मुंज झाली आणि लग्न व्हायच्या आत तो गेला. आपली भुतं आपल्या संस्कारांतून जन्मतात, आणि इंग्रजांची त्यांच्या. तिकडचा साठा हवा तर तोही भरपूर आहे. जानेवारी 1804 मध्ये लंडनजवळ हॅमरस्मिथला भुताच्या अफवेने लोक एवढे धास्तावले होते की फ्रान्सिस स्मिथने पांढऱ्या कपड्यांतल्या टॉमस मिलवूडला भूत समजून गोळी घातली. तो बिचारा गवंडीकाम करणारा, कामाच्या कपड्यांत चाललेला. आणि 1811 च्या ऑक्टोबरअखेर ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ छापून आली, त्यानंतर दोनच महिन्यांनी, 31 डिसेंबरला, रॅटक्लिफ हायवेच्या खुनांचा संशयित जॉन विल्यम्स, ज्याने तुरुंगात गळफास घेतला होता, त्याचं प्रेत लंडनच्या रस्त्यांवरून मिरवत नेऊन चौकात पुरलं आणि छातीतून खुंटा ठोकला. आत्महत्या करणाऱ्याला असं पुरण्याची चाल 1823 साली कायद्याने बंद झाली. त्या कादंबरीतल्या बहिणी एलिनॉर आणि मरीॲन ज्या लंडनमध्ये हिवाळा काढतात, ते हे लंडन.

वेताळ हवाच असेल तर अख्खी गोष्ट इकडे आणा. काळ तोच आहे: खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 ला झाली, आणि ‘पर्स्वेजन’ त्याच डिसेंबरात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात पाच मुलींचा बाप, दत्तक घ्यायचा की नाही हा वाद, भाऊबंदांचा वाड्यावर डोळा. पण ते वेगळं पुस्तक, आणि त्यात ऑस्टेनचं एकही वाक्य घेऊ नका.

मराठी भाषा तुम्हाला एक फार मोठी मदत करते, आणि तिचा उपयोग तुमच्या प्रकरणांत जवळपास दिसत नाही. तुम्ही पानोपानी ‘झॉम्बी’ लिहिलंय. आपण रात्री सापाचं नाव घेत नाही, ‘लांबडं’ म्हणतो. कुंकू संपलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. रोगाला ‘देवी आल्या’ म्हणायचो. अभद्र गोष्टीला आदराने वळसा घालणं आपल्या आज्यांना जितकं जमायचं तितकंच ऑस्टेनच्या बायकांना जमतं. मग लाँगबर्नमध्ये प्रेताला काय म्हणतील? ‘बाहेरचे’? ‘ते लोक’? ‘काल रात्री कुरणाकडून थोडी ये-जा होती’ असं मिसेस बेनेट म्हणतील आणि लगेच विचारतील की बिंगली अविवाहित आहे ना. एक शब्द पक्का करा आणि घरातल्या सगळ्यांना तोच वापरू द्या. अपवाद एकट्या लिडियाचा, सगळ्यांत धाकट्या उच्छृंखल बहिणीचा, ती नाव घेईल.

कायद्याचं थोडक्यात. ऑस्टेन 1817 साली वारली. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, त्यामुळे मूळ पुस्तकं कुणीही वापरावीत. पण मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा स्वतंत्र असतो. तुमच्या पहिल्या प्रकरणाची भाषा एखाद्या छापील अनुवादावर बेतल्यासारखी वाटते. तसं असेल तर ती पानं काढून इंग्रजीवरून स्वतः लिहा. 2009 च्या पुस्तकातल्या चीनमध्ये युद्धकला शिकलेल्या बहिणी आणि लेडी कॅथरीनचे निन्जा हे त्या लेखकाचं आहे, तेही घेऊ नका. आणि चिंब सदऱ्यातला नायक डार्सी तळ्यातून येतो तो बीबीसीच्या 1995 सालच्या मालिकेत, पुस्तकात असा प्रसंग नाही.

पुढच्या आठवड्यात एकच काम करा. तिसऱ्या प्रकरणात एलिझाबेथ आजारी बहिणीला, जेनला, भेटायला बिंगलीच्या घरी नेदरफिल्डला तीन मैल चालत जाते, तिथे तुम्ही सात प्रेतं मारली आहेत. सातही काढा. बिंगलीच्या बहिणी तिच्या परकराचा सहा इंच चिखल बघून नाकं मुरडतात तो भाग तसाच ठेवा. फक्त चिखलाचा रंग बदला, आणि तो कुणाच्या कबरीवरचा आहे हे खोलीतल्या एकट्या डार्सीला ओळखू द्या. तो काही बोलणार नाही. लिहून झालं की तेवढं पान मला पाठवा.